रेसकोर्सवरचे बारगीर

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सविषयी गेली दहा-बारा वर्षे जी चर्चा चालली, ती बव्हंशी जमिनीची चर्चा होती. १९१४ साली ९९ वर्षांसाठी दिलेला भाडेपट्टा २०१३ साली संपला आणि शहराच्या ऐन मध्यावर पसरलेल्या २११ एकरांच्या हिरव्या तुकड्याकडे साऱ्यांचे डोळे लागले. तेथे उद्यान व्हावे की करमणुकीचे केंद्र, मोकळी जागा मोकळीच राहावी की तिचा काही अन्य उपयोग व्हावा, ह्यावर पुष्कळ शाई खर्ची पडली. अखेर २०२४ साली १२० एकर महापालिकेकडे आणि उरलेले ९१ एकर रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडे, २०५३ पर्यंतच्या नव्या पट्ट्याने, अशी वाटणी ठरली. एकरांचा हिशेब एकदाचा लागला.

जमिनीच्या वादाआधी नीतीचा वाद होता आणि तो मिटलेला नाही. मराठी मध्यमवर्गाच्या मनात ‘रेस’ ह्या शब्दाभोवती जे वलय आहे, ते बुडालेल्या घरांचे आहे. पगाराचे पाकीट खिशात घालून परस्पर महालक्ष्मीची गाडी पकडणारा कारकून, गहाण पडलेल्या पाटल्या, शनिवार-रविवारी दार लावून बसलेली गृहिणी, ही चित्रे काही कादंबरीकारांच्या कल्पनेतून निघालेली नव्हेत. रेसचा नाद हा व्यसनांच्या यादीत मोजला जातो, आणि तो तसाच मोजला जावयास हवा.

परंतु ह्या दोन्ही वादांत एक माणूस कोठेच आढळत नाही. घोड्यावर बसणारा आणि घोड्याच्या पायाशी बसणारा. घोड्याचा मालक दिसतो, पैज लावणारा दिसतो, कर वसूल करणारे सरकार दिसते, जमिनीकडे टक लावून बसलेला नगरनियोजनकार दिसतो. जॉकी, सईस, नालबंद, पहाटे घोड्यांना रपेट देणारा रायडिंग बॉय, ही मंडळी मात्र देखाव्याचा भाग समजली जातात.

महाराष्ट्राला ह्या माणसाचे जुने नाव ठाऊक आहे. शिवकालीन घोडदळात शिलेदार आणि बारगीर असे दोन वर्ग होते. शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येई. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. स्वार तो, पण घोडा दुसऱ्याचा. आजचा जॉकी हा ह्या अर्थाने शुद्ध बारगीर आहे. सभासदाच्या बखरीत ह्या पागेची जी रचना सांगितली आहे, तीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आहे, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंदही आहे. पाणी देणारा आणि नाल ठोकणारा ह्यांच्यावाचून घोडदळ उभे राहत नाही, हे त्या राज्यकर्त्यांनी ओळखले होते आणि त्यांचे प्रमाण बांधून दिले होते. आपल्या काळातल्या करारांत एकरांचे प्रमाण काटेकोरपणे बांधले जाते.

जुना खेळ, नवी वंशावळ

घोड्यांची शर्यत हा साहेबाने आणलेला षौक, अशी एक सोयीची समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. वाजपेय यज्ञात सतरा रथांच्या शर्यतीचा विधी सांगितलेला आहे. त्याच वैदिक वाङ्मयात फाशांनी उद्ध्वस्त झालेल्या जुगाऱ्याचा विलाप सांगणारे सूक्त आहे. म्हणजे शर्यतीचा उत्सव आणि पैजेचा पश्चात्ताप हे दोन्ही आपल्याकडे फार जुने आहेत.

साहेबाने जे आणले ते संघटित, नियमबद्ध आणि नोंदवहीत बांधलेले शर्यतशास्त्र. इंग्लंडमध्ये एप्समची डर्बी १७८० साली सुरू झाली. १७९१ साली अश्वांच्या वंशावळीची पहिली सार्वजनिक नोंद छापली गेली. आजचा प्रत्येक ‘थरोब्रेड’ घोडा पितृपक्षाने पूर्वेकडून इंग्लंडात गेलेल्या तीन नरांपैकी एकाशी जाऊन मिळतो. मुंबईत प्रारंभी भायखळ्याला शर्यती होत. इराणच्या आखातातून गलबतांनी येणाऱ्या अरबी घोड्यांचा व्यापार मुंबई बंदरात भरभराटीला आलेला होता, आणि त्या अरबी घोड्यांवरच येथल्या शर्यती कित्येक वर्षे चालल्या. १८८३ च्या सुमारास महालक्ष्मीच्या दलदलीच्या सपाटीवर आजचे मैदान आले. १९३५ साली क्लबाच्या नावामागे ‘रॉयल’ लागले. १९४३ साली पहिली इंडियन डर्बी झाली आणि ती बडोद्याच्या महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ नावाच्या घोडीने जिंकली. चार वर्षे वयाच्या भारतीय पैदाशीच्या घोड्यांची, २४०० मीटरांची ही शर्यत फेब्रुवारीत होते. त्या दिवशी वर्तमानपत्रांतून टोप्यांची छायाचित्रे अधिक येतात आणि घोड्यांची कमी, हा भाग अलाहिदा.

पुण्याचा ह्या इतिहासातील वाटा मुंबईहून कमी नाही. पावसाळ्यात शर्यती पुण्याला, लष्कराच्या जमिनीवरच्या मैदानात होतात. पाऊस सरला की घोडे घाट उतरून मुंबईला येतात. पुण्याच्या परिसरात अश्वपैदाशीची मोठी केंद्रे आहेत, आणि त्यांतील एकाची कथा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने जोडउत्पादनाचे उदाहरण म्हणून पाठ करावी अशी आहे. पूनावाला कुटुंबाचे स्टड फार्म १९४६ चे. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे तेथून हाफकिन संस्थेला जात, कारण घोड्याच्या रक्तातील रसापासून धनुर्वातावरची आणि सर्पदंशावरची प्रतिविषे तयार होतात. हा रस आपणच का काढू नये, ह्या विचारातून १९६६ साली पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. पुढे जगभरच्या मुलांना लस पुरविणाऱ्या उद्योगाचे मूळ म्हाताऱ्या रेसच्या घोड्यांत आहे, ही गोष्ट नीतिवाद्यांनी आणि षौकिनांनी दोघांनीही ध्यानी ठेवावी. एखादा व्यवसाय समाजाच्या किती धाग्यांत गुंतलेला असतो, ते तो तोडावयास घेतल्याखेरीज कळत नाही.

व्यवसायांची सोडत

आता जॉकीच्या पेशाकडे वळू. अॅडम स्मिथने १७७६ सालच्या आपल्या ग्रंथात मजुरीच्या दरांची मीमांसा करताना काही व्यवसायांची तुलना सोडतीशी केली आहे. ज्या धंद्यात वीस जण अपयशी ठरतात आणि एक यशस्वी होतो, तेथे त्या एकाला उरलेल्या विसांचे सारे मिळावयास हवे. प्रत्यक्षात तसे कधीच मिळत नाही. तरीही तरुण अशा धंद्यांत शिरतात, कारण तारुण्य आपल्या नशिबाची किंमत नेहमी अधिक लावते. स्मिथपुढे वकील, सैनिक आणि खलाशी होते. त्याने जॉकीचा विचार केला असता तर त्याला ह्याहून चोख उदाहरण मिळाले नसते.

मुळात हा पेशा माणूस निवडत नाही, त्याचे शरीर निवडते. पन्नास किलोंच्या आसपास वजन राखता आले पाहिजे, आणि ते केवळ विशी-पंचविशीत नव्हे, तर चाळिशीपर्यंत. त्यामुळे मुलगा बारा-चौदा वर्षांचा असतानाच घरच्यांना अंदाज बांधावा लागतो. हाड किती वाढेल, उंची कोठे थांबेल, हे कोणीच सांगू शकत नाही. कित्येकांची शिकाऊ वर्षे संपतात आणि नेमके त्याच वेळी शरीर दगा देते. मग शाळा सुटलेली, हाती आलेली विद्या निरुपयोगी आणि वय कोवळे, अशा स्थितीत तो तबेल्यातच पहाटेची रपेट देणारा म्हणून राहतो.

जो टिकतो त्याचे जीवन म्हणजे वजनकाट्याशी जन्माचे वैर. बहुसंख्य शर्यती ‘हँडिकॅप’ पद्धतीच्या असतात. घोडा जितका सरस, तितके त्याच्या पाठीवर वजन अधिक, म्हणजे सारे घोडे निदान कागदावर एका रेषेत यावेत. जॉकी व खोगीर मिळून वजन कमी भरले तर शिशाचे तुकडे घालून ते पुरे करता येते. अधिक भरले तर मात्र उपाय एकच, उपाशी राहणे आणि घाम गाळणे. शर्यतीपूर्वी एकदा आणि शर्यतीनंतर पुन्हा काट्यावर उभे राहावे लागते. शिकाऊ जॉकीला वजनात सवलत मिळते, आणि तेवढ्यासाठी ट्रेनर त्याला घोडे देतात. ठरावीक विजय पदरी पडले की सवलत जाते, आणि बहुधा घोडेही जातात. विजय हाच बेकारीचा आरंभ ठरावा, असा धंदा दुसरा सांगता येणार नाही.

धोक्याचा विचार वेगळाच करावा लागतो. साडेचारशे-पाचशे किलोंचे जनावर ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने, इतर दहा-बारा तशाच जनावरांच्या गर्दीत धावत असते, आणि स्वार रिकिबीत बसलेला नसून जवळजवळ उभा असतो. रुग्णवाहिका शर्यतीच्या मागोमाग धावते. खेळ चालू असताना रुग्णवाहिकाही त्याच्याबरोबर धावते असे किती खेळ असतील? १९७९ साली महालक्ष्मीवर कार्ल उम्रीगर हा ऐन उमेदीतला, विलक्षण गुणी जॉकी घोड्यावरून पडला आणि त्या दुखापतीने गेला. जुन्या रेसकरांच्या बोलण्यात तो दिवस अद्याप येतो.

आणि तरीही मुले येतात. मारवाडच्या राजपूत घराण्यांतून येतात, मुंबई-पुण्याच्या पारशी कुटुंबांतून आली, आणि ह्याच मातीतूनही आली. पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे ही नावे एका काळी महालक्ष्मीच्या स्वस्त स्टँडांत जितक्या मोठ्याने घेतली जात, तितकी क्वचितच एखाद्या फलंदाजाची घेतली जात असत. पेसी श्रॉफ अनेकवार डर्बी जिंकून पुढे नामांकित ट्रेनर झाले. सोडतीचे हे मोठे अंक. पण मराठी क्रीडावाङ्मयात मल्लांवर, क्रिकेटपटूंवर, कबड्डीपटूंवर जेवढे लिहिले गेले, त्याचा अंशही खाडे-चव्हाणांच्या वाट्याला आला नाही. कारण उघड आहे. त्यांचे कर्तृत्व ज्या मैदानात होते, त्याच्या फाटकावर आपण ‘जुगार’ अशी पाटी लावून ठेवली होती.

येथे एक विसंगती नमूद करावयास हवी. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने मद्रास रेस क्लबाशी संबंधित खटल्यात असा निर्णय दिला की घोड्यांची शर्यत हा दैवाचा नव्हे, मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे आणि म्हणून तिच्यावरची पैज ही कायद्याच्या दृष्टीने जुगार ठरत नाही. कौशल्य कोणाचे? घोड्याच्या पैदाशीचे, त्याला तयार करण्याचे आणि त्याच्यावर स्वार होण्याचे. म्हणजे ज्या एका निकालाच्या आधारावर देशभरचे रेस क्लब आज उभे आहेत, तो निकाल मुळात ट्रेनर, जॉकी आणि सईस ह्यांच्या हुन्नराच्या आधारावर उभा आहे. कायद्याने खेळाला ज्यांच्या नावावर अभय दिले, त्यांना काय दिले?

चंदी आणि खरारा

सईसाची कथा जॉकीहून साधी आहे, कारण तिच्यात सोडतही नाही. मराठीत त्याला मोतद्दार म्हणत. रेसकोर्सवर सईस हाच शब्द चालतो. एकेकाकडे दोन-तीन घोडे असतात. पहाटे उजाडण्यापूर्वी त्यांना तयार करावयाचे, रपेटीनंतर अंग निवेपर्यंत फिरवावयाचे, खरारा करावयाचा, खूर साफ करावयाचे, चंदी द्यावयाची, पायावर पट्ट्या बांधावयाच्या. रेसचा घोडा हे अत्यंत तापट आणि अत्यंत नाजूक जनावर आहे. त्याने दाणा टाकला, एक पाय किंचित अवघडला, डोळ्यांत नेहमीचे तेज नाही, हे प्रथम ध्यानात येते ते सईसाच्या; पशुवैद्याला नंतर बोलावले जाते. लक्षावधी रुपयांच्या मालमत्तेची ही अहोरात्र राखण आहे.

त्याचा मालक कोण? मालकाने घोडा ट्रेनरच्या हवाली केलेला असतो आणि तो दरमहा ट्रेनरला ठरलेला खर्च देतो. ट्रेनर हा परवानाधारक स्वतंत्र व्यावसायिक. परवाना क्लब देतो, तबेलाही क्लब देतो. सईसाला कामावर ट्रेनर ठेवतो. घोडे वाढले की माणसे वाढतात, घोडे दुसऱ्याकडे गेले की माणसे कमी होतात. तो क्लबाच्या आवारात राबतो पण क्लबाचा नोकर नव्हे. मालकाच्या घोड्याशेजारी झोपतो पण मालकाचाही नोकर नव्हे. रेसच्या दिवसांपुरते घेतलेले तात्पुरते कर्मचारी कामगार राज्य विमा योजनेत येतात की नाही, हा वाद वर्षानुवर्षे चालून २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने कर्मचाऱ्यांच्या बाजूने निकाली काढला. सईसाच्या बाबतीत जबाबदारी कोणाची, येथूनच प्रारंभ करावा लागतो.

एके काळी सईसाला ह्या तबेल्यातून त्या तबेल्यात जाता येत असे. पलटणीत घोडे होते, संस्थानिकांच्या पागा होत्या, टांगे होते, मुंबईत व्हिक्टोरिया होत्या. पलटणींच्या जागी रणगाडे आले, संस्थाने गेली, टांगे रिक्षांनी संपविले. व्हिक्टोरिया २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरविल्या, आणि जनावरांचे जे हाल त्यांत होत ते पाहता त्या निर्णयाला दोष देता येणार नाही. पण परिणाम असा की घोड्याची निगा हे ज्याच्या हातातले एकमेव कसब, त्याला शहरात रेसकोर्सखेरीज ठाव उरलेला नाही.

कर कोण भरतो, कोण सोसतो

ह्या पार्श्वभूमीवर कराचा प्रश्न पाहिला पाहिजे. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला तेव्हा रेसच्या पैजेवर २८ टक्के दर बसला. तो क्लबाच्या वर्तनावर, म्हणजे कमिशनवर नव्हे, तर पैजेच्या संपूर्ण रकमेवर. २०२१ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने कर फक्त कमिशनवर घेता येईल असा निर्णय दिला. २०२३ साली कायद्यातच दुरुस्ती करून संपूर्ण रकमेवरची आकारणी पक्की करण्यात आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर ४० टक्के झाला आहे.

श्रीमंतांचा खेळ आहे, भरू देत, ही सामान्य प्रतिक्रिया. अर्थशास्त्रात मात्र कर भरणारा आणि कर सोसणारा हे एकच असतात असे नाही. टोटलायझर हे यंत्र मुळात फार प्रामाणिक आहे. सर्वांच्या पैजा एका निधीत जमा होतात, त्यातून क्लबाचा भाग वजा होतो आणि उरलेला निधी जिंकणाऱ्यांत वाटला जातो. पॅरिसमध्ये १८६०च्या दशकात ही पद्धत निघाली ती बुकींच्या लबाडीवर तोड म्हणून. आता समजा, खिडकीवर एकूण १४० रुपये आले. त्यातले ४० कराचे, १०० निधीचे. क्लबाचा भाग क्षणभर सोडून दिला, तरी १४० मधले १०० च परत वाटले जातात. तेच पैसे पुढच्या शर्यतीवर लागले की पुन्हा तीच कात्री. ह्या हिशेबाने पहिल्या शर्यतीला सर्वांनी मिळून आणलेल्या शंभर रुपयांपैकी चौथ्या शर्यतीअखेर सव्वीस रुपये खेळणाऱ्यांच्या हाती उरतात. २८ टक्क्यांच्या दराने ते सदतीस उरत. क्लबाचा भाग धरला तर दोन्ही आकडे आणखी खाली येतात.

ज्याला खेळावयाचेच आहे तो अशा वेळी खेळ सोडत नाही. तो खिडकी सोडतो. फाटकाबाहेर, दूरध्वनीवर, कोणतीही पावती न देणारा बुकी त्याची वाट पाहतच असतो. रेसने घरे बुडतात म्हणून जड कर बसवावा, हा युक्तिवाद तत्त्वतः मान्य करता येईल. पण कराने पैज कमी होत नसून केवळ अंधारात जात असेल, तर घरे बुडावयाची थांबत नाहीत. तिजोरीचे उत्पन्न मात्र थांबते. ब्रिटनने २००१ साली पैजेच्या रकमेवरचा कर काढून तो बुकींच्या निव्वळ मिळकतीवर नेला. हाँगकाँगने २००६ साली तेच केले, आणि तेथला दर सौम्य मुळीच नाही, सत्तर टक्क्यांच्या वर आहे. परंतु तो उलाढालीवर नसून परतफेड वजा जाता उरलेल्या रकमेवर आहे. म्हणजे प्रश्न दर किती हा नसून कर कशावर हा आहे. आपल्याकडे ह्या भेदाची चर्चा सनदी लेखापालांच्या परिषदांबाहेर होत नाही.

कराचा भार शेवटी त्या घटकावर स्थिरावतो ज्याला हलता येत नाही. पैज लावणारा हलतो. मालकाचे भांडवल हलते. स्टड फार्मची जमीन आज ना उद्या गृहसंकुलासाठी विकता येते, आणि पुण्याभोवतीच्या जमिनींचे भाव पाहता तो मोह लहान नाही. क्लबाचे उत्पन्न आटले की बक्षिसांच्या रकमा आटतात, मग शर्यतीचे दिवस कमी होतात, मग मालक घोडे कमी करतात. जॉकीच्या फेऱ्या कमी होतात. सर्वांत शेवटी, ज्याच्यामागे काहीच उरलेले नाही अशा जागी, सईस उभा असतो. राजधानीत बसून श्रीमंतांवर लावलेला कर पहाटे चारला घोड्याचे खूर साफ करणारा माणूस भरतो.

ग्रामीण भागातल्या शर्यतींशी तुलना केली तर आणखी एक गोष्ट दिसते. बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली बंदी आली, तेव्हा गावेच्या गावे उठली, विधिमंडळाने २०१७ साली कायदा केला आणि २०२३ साली घटनापीठाने तो उचलून धरला. तेथे मालक, हाकणारा आणि प्रेक्षक एकाच गावचे आणि एकाच मतदारसंघाचे होते. रेसकोर्सवर मालक एका जगातला, सईस दुसऱ्या जगातला, आणि त्या सईसाचे मत बहुधा पाली-नागौरच्या यादीत.

बंद करावयाचेच तर

रेस चालूच राहिली पाहिजे असा कोणताही नियम नाही. एखाद्या समाजाने विचारपूर्वक ठरविले की ही जमीन, हा पैसा आणि हे जनावर ह्यांचा हा उपयोग आम्हांस नको, तर तो त्याचा अधिकार आहे. जनावराच्या बाजूनेही काही बोलता येईल. सिंगापूरने असेच ठरविले. १८० वर्षांची परंपरा असलेला तेथला टर्फ क्लब बंद करून जागा घरांसाठी घ्यावयाची, हे जून २०२३ मध्ये जाहीर झाले. शेवटची शर्यत ५ ऑक्टोबर २०२४ ला झाली. मधल्या सोळा महिन्यांत कर्मचाऱ्यांना भरपाई आणि नव्या कामाचे शिक्षण, आणि घोडे परदेशी रवाना करण्याची व्यवस्था, ह्यांचा कार्यक्रम आखलेला होता. त्याच सुमारास, सप्टेंबर २०२४ मध्ये, चेन्नईच्या गिंडी रेसकोर्सचा १९४५ पासूनचा ९९ वर्षांचा पट्टा थकलेल्या भाड्याच्या कारणावरून रद्द झाला आणि तीनच दिवसांनी फाटकांना सील लागले. प्रकरण न्यायालयात गेले. भाडे वसूल करण्याचा सरकारचा हक्क कोणी नाकारणार नाही. पण सील लावताना आत घोडे होते, आणि घोड्यांबरोबर माणसे होती.

मुंबईला तर हा धडा घेण्यासाठी चेन्नईला जाण्याचीही गरज नाही. महालक्ष्मीच्या मैदानावरून पूर्वेकडे पाहिले की गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले मनोरे दिसतात. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या. १९९१ च्या नियमावलीत त्या जमिनींची वाटणी ठरली, २००१ साली ती वाटणीही बदलली. गिरणी कामगारांच्या घरांचा प्रश्न त्यानंतर कित्येक वर्षे रेंगाळतच राहिला. तेथेही प्रथम जमिनीचे गणित मांडले गेले आणि माणसांचे नंतर. गिरणी कामगार तर लाखांनी होते, त्यांच्या संघटना होत्या, त्यांचा आवाज होता.

सईसांसाठी नवे काही शोधून काढावे लागेल असेही नाही. एका मालकाशी बांधलेला नसलेल्या कष्टकऱ्याचे काय करावयाचे, ह्या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने १९६९ सालीच माथाडी कायद्याने दिले आहे. कामगाराची नोंद मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत, आणि मजुरीवरच्या अधिभारातून भविष्य निर्वाह निधी, उपदान, दवापाणी. गाळेवाला कोणीही असो, हमाल मंडळाचा. ट्रेनर कोणीही असो, सईस मंडळाचा, असे म्हणावयास अडचण कोणती? कायद्याच्या अनुसूचीत नवा व्यवसाय घालता येतो. अधिभार ट्रेनरच्या मासिक बिलातून मालकाकडे जाईल, आणि घोडा बाळगण्याच्या खर्चात तो लक्षातही येणार नाही. पैजेवरच्या करातला राज्याचा जो हिस्सा आहे त्यातला अल्पसा भाग जखमी जॉकींच्या निवृत्तिवेतनासाठी बाजूला काढणे हा स्वतंत्र आणि थोडा अवघड विषय आहे, कारण त्याला अर्थखात्याची संमती लागेल. मंडळाला तेवढीही लागत नाही.

भारतात जन्मलेल्या प्रत्येक थरोब्रेड शिंगराची नोंद पुण्याच्या स्टड बुक कार्यालयात होते. बाप कोण, आई कोण, जन्म केव्हा, अंगावर खुणा कोणत्या, सर्व काही. सईसाला रेसकोर्सच्या फाटकातून आत जाण्यासाठी एक पास लागतो. पण पास म्हणजे सेवापुस्तक नव्हे. पावसाळा सरला की पुण्याचा हंगाम आटोपेल, घोडे मोठ्या गाड्यांत चढतील आणि प्रत्येक गाडीत घोड्याच्या तोंडाशी एक सईस बसून घाट उतरेल. त्या वेळी पुण्याच्या फाटकावर एक कारकून आणि एक कोरी वही ठेवली, तरी कामाला प्रारंभ होईल.